‘अस्वस्थ’ या शब्दाची सोय आणि मर्यादा

इंग्रजी कादंबरीचे मराठी भाषांतर करणाऱ्यास अडविणारे शब्द नेहमीच दुर्बोध असतात असे नाही. पुष्कळदा ते अगदी बाळबोध असतात. ‘सिक’ हा असाच एक शब्द होय. एखादी स्त्री आलेले पत्र वाचते आणि लेखक तिच्याविषयी ‘शी फेल्ट सिक’ एवढेच लिहून पुढे जातो. मराठी भाषांतरकार येथे बहुधा ‘ती अस्वस्थ झाली’ असे लिहितो. वाक्य शुद्ध आहे, वाचकही अडखळत नाही. तथापि मूळ वाक्यात तिच्या पोटात जे ढवळून आले ते मराठीत उतरलेले नसते.

‘सिक’ आणि ‘इल’ हे दोन शब्द शब्दकोशात शेजारी बसत असले तरी त्यांचा व्यवहार भिन्न आहे. ‘सिक’ हा जुन्या इंग्रजीचा घरचा शब्द. ‘इल’ नॉर्स भाषेतून आला आणि त्याचा मूळ अर्थ केवळ ‘वाईट’ असा होता. अमेरिकेत ‘सिक’ म्हणजे सामान्यतः आजारी. इंग्लंडमध्ये मात्र ‘ही वॉज सिक’ असे म्हटले की त्याला उलटी झाली, असाच अर्थ प्रायः घेतला जातो, आणि ‘फील सिक’ म्हणजे मळमळणे. तेथेही ‘सिक लीव्ह’ ही आजारपणाचीच रजा असते. ‘सिक ऑफ’ म्हटले की वीट येतो, आणि ‘होमसिक’ माणसाला घरची ओढ लागलेली असते. तेव्हा लेखक कोणत्या किनाऱ्यावरचा आणि शब्दाची संगत कोणाशी, हे पाहिल्यावाचून या शब्दाला हात घालणे धोक्याचे ठरते.

‘नॉशिया’ या शब्दाची कुळकथा अधिक बोधप्रद आहे. ग्रीक भाषेत ‘नाउस्’ म्हणजे जहाज. त्यावरून समुद्रप्रवासात होणाऱ्या मळमळीचे नाव सिद्ध झाले आणि लॅटिनमार्गे ते इंग्रजीत आले. आज तो शब्द उच्चारताना कोणासही जहाजाची आठवण होत नाही. मराठीत मात्र तीच कल्पना स्वतंत्रपणे निर्माण झाली आणि ती अद्यापि जिवंत आहे. मुंबईहून कोकणात आगबोटीने जाणाऱ्या उतारूंना ‘बोट लागत’ असे. आगबोटी गेल्या, परंतु घाटातल्या वळणांवर ‘गाडी लागणारी’ माणसे आजही आहेत.

या वाक्प्रयोगाच्या व्याकरणाकडे लक्ष दिले म्हणजे इंग्रजीतील एक जुना वाद निराळ्या प्रकाशात दिसतो. ‘नॉशस’ म्हणजे मळमळ आणणारा आणि ‘नॉशिएटेड’ म्हणजे मळमळ झालेला, असा भेद विसाव्या शतकातील अनेक भाषाशिक्षकांनी आग्रहाने सांगितला. ‘आय अ‍ॅम नॉशस’ म्हणणारा मनुष्य ‘मी किळसवाणा आहे’ असेच म्हणतो, अशी थट्टाही त्यांनी केली. लोकांनी ती मानली नाही. आज बोलण्यात ‘नॉशस’ हा शब्द मुख्यतः मळमळणाऱ्यालाच लावला जातो आणि प्रमुख शब्दकोशांनी तो प्रयोग मान्य केला आहे. मराठीत हा वाद उद्भवतच नाही. ‘त्याला बोट लागली’ या वाक्यात कर्ती बोट आहे आणि सोसणारा चतुर्थीत आहे. ‘मला मळमळते’, ‘तिला शिसारी आली’, ‘त्याला कसेसेच झाले’ या सर्व प्रयोगांत विकार हा माणसाचा गुण नसून माणसाकडे येणारी गोष्ट आहे. इंग्रजीतला ‘मी’ सिक असतो. मराठीत मात्र ‘मला’ काहीतरी होते. ही मराठीची संपत्ती होय, आणि ‘ती अस्वस्थ झाली’ या कर्तरी वाक्यात नेमकी तीच खर्ची पडते.

शरीराचा शब्द सोडून मनाचा शब्द घेतल्याने काय घडते, हे पाहण्यास सार्त्रची 1938 साली प्रसिद्ध झालेली पहिली कादंबरी उपयोगी आहे. लेखकाने तिला ‘मेलँकोलिया’ असे नाव योजिले होते. प्रकाशक गालिमार यांच्या सूचनेवरून ते ‘ला नोझे’ म्हणजे ‘मळमळ’ असे झाले. 1949 मध्ये लंडनमध्ये इंग्रजी भाषांतर निघाले तेव्हा ‘द डायरी ऑफ आंत्वान रोकांतँ’ हे सौम्य नाव देण्यात आले. अमेरिकेत मात्र त्याच वर्षी ‘नॉशिया’ हेच नाव राहिले आणि पुढे तेच रूढ झाले. ते रूढ व्हावे हे योग्यच होते. रोकांतँला समुद्रकाठचा एक साधा दगड हातात धरवत नाही. अस्तित्वाचा प्रश्न त्याला विचारातून नव्हे, तर प्रथम तळहातातून आणि पोटातून कळतो. हा अनुभव ‘अस्वस्थता’ या शब्दाने सांगितला तर कादंबरीतील तत्त्वज्ञान शिल्लक राहील, पण ज्या देहात ते उगवले तो देह नाहीसा होईल.

‘अस्वस्थ’ हा शब्द हीन आहे असा याचा अर्थ नव्हे. जो स्वतःच्या ठिकाणी स्थित नाही तो अस्वस्थ, ही कल्पना मोठी सुंदर आहे. इंग्रजी ‘डिझीझ’ या शब्दाचाही मूळ अर्थ स्वास्थ्याचा अभाव असाच आहे आणि ‘अनईझी’ला ‘अस्वस्थ’ हा प्रतिशब्द चपखल बसतो. परंतु मराठीत ‘स्वस्थ’ म्हणजे निश्चलही. आपण मुलाला ‘स्वस्थ बस’ म्हणतो. म्हणूनच अस्वस्थ माणूस येरझारा घालतो, कूस बदलतो, पुन्हा पुन्हा दाराकडे पाहतो. मळमळणारा माणूस याच्या अगदी उलट वागतो. तो हालचाल टाळतो, ओठ मिटून घेतो, बोलणेही नको म्हणतो. पत्र वाचणारी ती स्त्री खुर्चीत थिजून बसली असेल, तर ‘अस्वस्थ’ हा शब्द तिला उगाच उठवून फिरावयास लावतो.

ही सैलता भाषांतरापुरती राहिलेली नाही. ‘वाचकाला अस्वस्थ करणारी कलाकृती’ हे शब्द मराठी समीक्षेत आता शिक्क्यासारखे उमटतात. एका कादंबरीने किळस आणलेली असते, दुसरीने लाज, तिसरीने भय, चौथीने नुसती हुरहूर. परंतु चारींना प्रशस्तिपत्र एकच मिळते. मळमळ, शिसारी, वीट, उबग, कासाविशी, घालमेल असे शब्द भाषेत असताना समीक्षकाने एकाच शब्दावर भागवावे, याचे कारण शब्ददारिद्र्य नव्हे. नेमके काय वाटले हे सांगण्यातील संकोच हेच त्याचे कारण होय. ‘अस्वस्थ’ हा शब्द सभ्य आहे. त्याने कोणाचे पोट दिसत नाही आणि कोणास दोषही लागत नाही.

म्हणून भाषांतरकाराने, आणि त्याच न्यायाने समीक्षकाने, असा शब्द समोर आला असता दोन प्रश्न विचारावेत: हे शरीरात कोठे झाले, आणि ते कशाने झाले? पहिल्याचे उत्तर ‘पोटात’ असे असेल तर ‘मळमळ’ लिहिण्यास लाजू नये. दुसऱ्याचे उत्तर मिळाले तर ‘किळस’ आणि ‘भय’ यांतील निवड आपोआप होते. दोन्ही प्रश्नांना उत्तर नसेल, तेव्हाच ‘अस्वस्थ’ हा शब्द खरा. आणि मग तो क्वचित आल्यामुळे वाचकालाही खरा वाटेल.