थांबलेल्या हृदयाची भूक

हृदयाच्या झडपांवरील शस्त्रक्रियेविषयी आपल्याकडे जे लोकप्रिय लेखन होते, त्यात एक वाक्य हमखास आढळते : ‘हृदय-फुप्फुस यंत्र हृदयाचे काम करते, म्हणून हृदय थांबवून झडप बदलता येते.’ हे वाक्य चूक नाही, पण अर्धेच आहे. आणि गाळलेल्या अर्ध्या भागातच शिकवण्यासारखे विज्ञान आहे. आपल्या देशात झडपा निकामी होण्याचे एक मोठे कारण म्हणजे संधिज्वर. तो मुख्यतः ५ ते १५ वर्षांच्या, म्हणजे शाळेतल्या मुलांना होतो. तेव्हा हा विषय शिक्षकांना परका नाही.

यंत्राचे महत्त्व वादातीत आहे. ६ मे १९५३ रोजी जॉन गिबन यांनी फिलाडेल्फियात त्याच्या साहाय्याने एका तरुणीच्या हृदयातील छिद्र बंद केले. पण यंत्रातले रक्त जाते कोठे? ते महारोहिणीत सोडतात, आणि ती जागा व हृदय यांच्यामध्ये महारोहिणीला चिमटा लावतात. हृदयाच्या स्नायूला रक्त देणाऱ्या कॉरोनरी रोहिण्या महारोहिणीच्या अगदी मुळाशी, म्हणजे चिमट्याच्या अलीकडे, हृदयाच्या बाजूला फुटतात. परिणामी यंत्र मेंदूला, मूत्रपिंडांना, साऱ्या शरीराला पोसते. उपाशी राहते ते एकटे हृदय!

मग ते तगते कसे? ‘थंड करतात म्हणून’ हे नेहमीचे उत्तर. आकडे पाहू. नेहमीचे काम करणाऱ्या हृदयाच्या १०० ग्रॅम स्नायूला मिनिटाला सुमारे ८ ते १० मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. रिकामे हृदय धडधडत असेल तर सुमारे ५.५, ३७ अंश सेल्सिअसलाच ते थांबवले तर सुमारे १, आणि थांबवून २२ अंशांपर्यंत थंड केले तर सुमारे ०.३. म्हणजे मोठी बचत थांबवण्यात आहे. थंडी तिच्यात भर घालते. आणि गरज शून्य कधीच होत नाही.

हृदय थांबवतात ते पोटॅशियमने. पेशीबाहेर पोटॅशियम वाढले, की पेशीच्या आवरणाच्या आतबाहेरचा विद्युत् विभवातील फरक घटतो, सोडियमची द्वारे निष्क्रिय होतात आणि नवा आवेग उमटत नाही. हृदय शिथिल अवस्थेत थांबते. यातील ‘शिथिल’ हा शब्द महत्त्वाचा. स्नायूला आकुंचन पावण्यासाठी ऊर्जा लागते, तशीच सैल होण्यासाठीही लागते. एटीपी संपले, तर स्नायूतील तंतू एकमेकांत अडकून राहतात. मृत्यूनंतर शरीर ताठरते ते यामुळेच. डेंटन कूली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये शस्त्रक्रियेत असे घट्ट आवळून गेलेले हृदय वर्णिले, तेव्हा त्याला ‘दगडी हृदय’ असेच नाव दिले.

आमची दुसरी तक्रार इतिहासाबद्दल आहे. लेखांत तो यशामागून यश असा येतो. वास्तविक डेनिस मेलरोझ यांनी पोटॅशियम सायट्रेटने हृदय थांबवण्याची पद्धत लंडनमध्ये १९५५ सालीच मांडली होती. मात्र द्रावण फार तीव्र होते. त्याने स्नायूला इजा होते असे १९६०च्या सुमारास दिसून आले आणि बहुतेकांनी ती पद्धतच सोडली. १९७०च्या दशकात ती सौम्य रूपात परत आली. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयातील हर्स, ब्रेमब्रिज यांच्या गटाने केलेल्या द्रावणात लिटरमागे सुमारे १६ मिलिमोल पोटॅशियम होते. आपल्या रक्तात ते ३.५ ते ५ असते. मेलरोझ यांची कल्पना बरोबर होती, मात्रा चुकली होती. मात्रेबरोबर कल्पनाही टाकून दिली गेली, याची किंमत मधल्या वर्षांतील रुग्णांनी मोजली. हा भाग गाळला, की विज्ञान कसे चालते हेच विद्यार्थ्यांपासून लपून राहते.

वर्गात पाठांतरापेक्षा एक प्रश्न टाकून पाहावा. महारोहिणीची झडपच गळकी असेल, तर तिच्या मुळाशी सोडलेले द्रावण कोठे जाईल? आकृती काढली, की मुले स्वतःच सांगतील : कॉरोनरी रोहिण्यांत पुरेसे न जाता ते मागे डाव्या जवनिकेत उतरेल. म्हणूनच अशा वेळी महारोहिणी उघडून ते थेट कॉरोनरी रोहिण्यांच्या तोंडात देतात, किंवा हृदयाच्या शिरेतून उलट दिशेने. ‘यंत्र हृदयाचे काम करते’ या वाक्यातून हा प्रश्न कधीच सुचला नसता.