‘डेथ’ : बदलता वादकसंच आणि कर्तृत्वाचा प्रश्न

प्रस्तावना

डेथ मेटल हा रॉक संगीतातील एक अतितीव्र प्रकार होय. घशातून काढलेला घोगरा स्वर, विरूपित गिटारध्वनी आणि अतिद्रुत ड्रमवादन ही त्याची प्रमुख लक्षणे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात १९८३ मध्ये ‘मँटास’ या नावाने सुरू झालेला आणि १९८४ मध्ये ‘डेथ’ हे नाव धारण करणारा बँड या प्रकाराच्या प्रवर्तकांपैकी एक मानला जातो. गायक, गिटारवादक आणि गीतकार चक शुल्डिनर (१९६७–२००१) यांच्याशी हे नाव इतके एकरूप झाले आहे, की इतर वादक केवळ नामावलीपुरते उरतात. हे मूल्यमापन कितपत न्याय्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वादकसंचातील स्थित्यंतरे

१९८७ ते १९९८ या काळात ‘डेथ’चे सात स्टुडिओ अल्बम प्रसिद्ध झाले. त्यांपैकी कोणत्याही दोन अल्बमांतील वादकसंच सारखा नाही. ‘स्क्रीम ब्लडी गोर’ (१९८७) मध्ये गायन, गिटार व बास हे सारे शुल्डिनर यांनीच सांभाळले; सोबत ड्रमवर ख्रिस रायफर्ट होते. १९९० च्या युरोप दौऱ्यातून शुल्डिनर यांनी ऐनवेळी माघार घेतली आणि बिल अँड्र्यूज व टेरी बटलर यांनी त्यांच्याविना दौरा केला. या दुराव्यानंतर स्थिर बँडची कल्पना मागे पडली व गरजेनुसार वादक निमंत्रित करण्याची पद्धत रूढ झाली.

‘ह्यूमन’ (१९९१) हे या पद्धतीचे पहिले फलित होय. ‘सिनिक’ या बँडमधील पॉल मास्विडल आणि शॉन रायनर्ट यांनी जॅझचे संस्कार सोबत आणले. रायफर्ट यांचा ताल गिटारला सरळ रेटत नेतो. रायनर्ट यांचा ताल तिच्याशी संवाद करतो. ‘इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स’ (१९९३) मध्ये जीन होगलन यांचे ड्रम आणि स्टीव्ह डिजॉर्जिओ यांची पडदे नसलेली बास गिटार या दोन्हींना स्वतंत्र आवाज लाभतो.

कर्तृत्व कोणाचे?

रचनांचा मुख्य भार शुल्डिनर यांच्यावर होता व सातही अल्बमांत तेच एकमेव समान सूत्र आहेत, हे निर्विवाद आहे. रक्तपाताच्या वर्णनाकडून आत्मचिंतनाकडे वळलेली गीतेही त्यांचीच. तथापि शैलीतील मोठी वळणे नव्या वादकांच्या आगमनाशीच जुळतात, हा केवळ योगायोग म्हणता येत नाही. योग्य वादक निवडणे ही निर्मिती असेल, तर त्या वादकाने दिलेला प्रतिसादही निर्मितीच ठरतो. मात्र या व्यवस्थेत निमंत्रितांचा ठसा संगीतावर उमटला, तरी नावावर त्यांचा हक्क राहिला नाही.

निष्कर्ष

सारांश, ‘डेथ’मधील सततचे बदल हे विघटनाचे लक्षण नसून तिच्या विकासाची रीत होती. तिची सुरुवात दुराव्यातून झाली, हे खरे. परंतु तिचे फळ सामूहिक आहे. एकाच प्रतिभावंताची गाथा म्हणून हा इतिहास लिहिल्यास शुल्डिनर यांचा सर्वांत मोठा गुण, म्हणजे स्वतःला बदलू शकतील असे सहकारी निवडण्याची त्यांची तयारी, नेमका दृष्टीआड होतो.