‘मुक्त संचार’ : एका संज्ञेची चिकित्सा

दुग्धव्यवसायावरील मराठी पुस्तिकांत व पत्रकांत ‘मुक्त संचार गोठा’ ही संज्ञा आता चांगलीच रुळली आहे. जनावरे दावणीला न बांधता एका आवारात मोकळी ठेवावयाची आणि चारापाणी त्यांना हवे तेव्हा घेता येईल अशी सोय करावयाची, ही ती पद्धती. इंग्रजीतील मूळ संज्ञेत ‘सैल’ या अर्थाचे एक साधे विशेषण आहे. मराठीने त्या जागी ‘मुक्त’ हा भारदस्त शब्द योजला. हा बदल निव्वळ शैलीचा म्हणून सोडून देता येत नाही; कारण ज्या गोष्टीचे वर्णन करावयाचे तीच त्यामुळे निम्मी झाकली जाते.

‘मुक्त’ हा शब्द मराठीत ‘कशापासून?’ या प्रश्नाचे उत्तर मागतो. माणूस ऋणातून मुक्त होतो, रोगापासून मुक्त होतो. समासात शिरताच हे उत्तर गळून पडते. पुस्तिकाकारांच्या मनातील उत्तर उघड आहे: दाव्यापासून. ते खोटे नाही. दाव्याला अखडून राहिलेल्या गाईला अंग चाटता येत नाही, वळता येत नाही, हवी तशी बसता येत नाही. ती माजावर आलेलीही लवकर ध्यानात येत नाही. परंतु दावे सुटले की गाईचा संबंध शेजारच्या गाईच्या शिंगांशी येतो, आणि याविषयी या गद्यात बहुधा एखादे वाक्य आढळते, तेही शेवटी.

वस्तुतः कळपाला उतरंड असते. नॉर्वेचे शेल्डेरुप-एब्बे यांनी १९२२ साली कोंबड्यांतील टोचण्याचा क्रम वर्णिला; गाईगुरांतही वय, वजन, शिंगे व कळपातील मुक्काम यांवरून असा क्रम ठरतो. नवे जनावर आले की ढुशा सुरू होतात, आणि क्रम लागला की बहुधा नुसत्या मान उगारण्यावर भागते. जागा अपुरी असेल तर मात्र भागत नाही. प्रौढ गाईस गव्हाणीवर साधारण ६० ते ७५ सेंटिमीटर जागा लागते. ती कमी पडली की वरचढ गाय आधी खाते; दुबळी मागे सरते आणि उरलेसुरले खाते. या दुबळ्या गाईला बांधलेल्या गोठ्यात स्वतःची गव्हाण होती. दावे तिला जखडत होते, तसेच राखतही होते.

ब्रिटनमध्ये ब्रॅम्बेल समितीने १९६५ साली जनावराला उभे राहणे, बसणे, वळणे, अंग साफ करणे व अवयव ताणणे एवढे तरी स्वातंत्र्य असावे असे सुचविले. १९७९ नंतर रूढ झालेल्या पाच स्वातंत्र्यांपैकी चार ‘पासून’ची आहेत: भूक व तहान, अस्वास्थ्य, वेदना व रोग, भय. पाचवे तेवढे स्वाभाविक वर्तनाचे. मोकळा गोठा हे पाचवे देतो खरा; पण जागेचा हिशेब चुकला तर पहिल्या चारांपैकी दोन-तीन काढून घेतो.

या पेचाचे अधिक कठोर रूप कातड्यासाठी पाळल्या जाणाऱ्या खोकडांत दिसते. (भाषांतरांत सर्रास ‘कोल्हा’ म्हणतात; तो प्राणी निराळा.) फिनलंडमध्ये तारेच्या एकेकट्या पिंजऱ्यांऐवजी पिल्लांना एकत्र ठेवण्याचे प्रयोग झाले, संगत मिळाली, पण चाव्यांच्या खुणाही मोजाव्या लागल्या. उलट वेगळे ठेवूनही प्रश्न सुटत नाही: मॉर्टेन बाक्केन यांच्या १९९३ च्या अभ्यासांत, शेजारच्या पिंजऱ्यात वरचढ मादी असता दुबळ्या मादीच्या प्रजननावर अनिष्ट परिणाम दिसला. तार मध्ये असूनही!

रत्नागिरीत हा प्रश्न पावसाने अधिक बिकट होतो. प्रचलित मापानुसार गाईस छपराखाली ३.५ व उघड्यावर ७ चौरस मीटर जागा हवी, एकूण १०.५. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर उघडे आवार चिखलाचे असते आणि सारा कळप छपराखाली दाटतो. म्हणजे कागदावरील जागेचा एक तृतीयांश भाग उरतो, आणि शिंगे तेवढीच राहतात. जांभ्याच्या चिऱ्यांचा जुना गोठा अंधारा व कोंदट असेल. पण पावसाळ्यात कोणाची गव्हाण कोणती, हे त्यात ठरलेले असे. घाटावर लिहिलेली पुस्तिका कोकणात जशीच्या तशी वाटली जाते, तेव्हा हा फरक कोणी सांगावयाचा?

कायद्याची भाषाही येथे अपुरी पडते. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमात अवाजवी आखूड दोरीने बांधून ठेवणे हा अपराध आहे, झुंज लावणे हाही. दोन्हींचा कर्ता माणूस. गाय गाईला मारते तेव्हा कर्ता कोण? व्याकरण गाईकडे बोट दाखवील. गव्हाण आखूड बांधणारा मात्र वाक्याबाहेर राहतो. त्याच अधिनियमाने विहित रीतीने शिंगे काढण्यास मुभा दिली आहे. वासराच्या शिंगकळ्या जाळण्याची सूचना अनेकदा आरोग्याच्या सदरात येते. ती एकत्र ठेवण्याची किंमत आहे, असे म्हटले जात नाही.

शब्दांची उणीव म्हणावी, तर तीही नाही. मारकी, बुजरी, गरीब, हुसकावलेली: गुराख्याच्या बोलीत कळपाचे सारे संबंध नावांनिशी आहेत. ‘मोकळा गोठा’ हे नाव मूळ अर्थाच्या अधिक जवळ आहे आणि कसले आश्वासनही देत नाही. त्या नावाखाली पहिल्याच पानावर गव्हाणीची लांबी, पावसाळ्यात खरोखर उरणारी जागा आणि बुजऱ्या गाईसाठी वेगळी राखलेली दावण, एवढे तरी छापले जावे.