भग्न शहर आणि छायाचित्रातील माणसे

१८५७ च्या उठावानंतर फेलिचे बिआतो या छायाचित्रकाराने लखनौची जी चित्रे घेतली, त्यांतील सिकंदर बागेचे चित्र सर्वांत प्रसिद्ध आहे. गोळ्यांनी छिन्न झालेली दर्शनी भिंत, पुढे विखुरलेली हाडे, आणि त्यांच्यामध्ये काही हिंदी माणसे व एक घोडा. येथील लढाई नोव्हेंबर १८५७ मधली. चित्र १८५८ मधले. तेव्हा अवधात अधिकारी असलेले जॉर्ज कॅम्बेल आपल्या आठवणींत सांगतात की, झाकून टाकलेले मृतावशेष छायाचित्रासाठी पुन्हा उघडे करण्यात आले. म्हणजे भग्नावशेषही येथे रचलेला आहे. मग ती माणसे? तत्कालीन काचेच्या निगेटिव्हवर हललेला माणूस धूसर उमटे, हे खरे. परंतु तेवढ्याने त्यांच्या निश्चलतेचा उलगडा होत नाही. इमारतीची उंची कळावी म्हणून शेजारी काठी धरावी, तशी ती उभी केलेली दिसतात. ती कोठे राहत होती, काय खात होती, असा प्रश्न चित्राला पडलेलाच नाही.

तो प्रश्न त्याच वर्षीच्या झाशीबाबत एका मराठी पुस्तकाने विचारला. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे झाशीच्या पाडावाच्या वेळी शहरात होते. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये लुटीलाही क्रम आहे: आधी सोने-रुपे, मग तांब्या-पितळेची भांडी, मग धान्य आणि कापड. हा क्रम वाचताना एकेक स्वयंपाकघर रिकामे होत जाताना दिसते. लपून बसलेल्यांची भूक-तहान, घरातलेच लाकूड घेऊन पेटवलेल्या चिता, उद्ध्वस्त ग्रंथसंग्रह, या सर्वांचा भार गोडसे सारख्याच साध्या स्वरात वाहतात. दक्षिणेच्या आशेने निघालेल्या भिक्षुकाची ही दृष्टी आहे. तिला ओळखीच्या वाड्यांपलीकडची झाशी फारशी दिसत नाही. तरी जे दिसते ते आतून दिसते.

अर्थात येथेही ‘रचना’ आहेच. गोडशांनी हे लिहिले ते सुमारे पंचवीस वर्षांनी, स्मरणावर विसंबून. चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली ते प्रसिद्ध केले तेव्हा त्यात फेरफार केले. मूळ संहिता दत्तो वामन पोतदार यांच्यामुळे १९६६ मध्ये वाचकांसमोर आली. परंतु वैद्यांचे फेरफार मूळ संहितेशी ताडून पाहता येतात. सिकंदर बागेतील त्या माणसांना मात्र दुसरी संहिता नाही. चित्राच्या कडेला कोणी त्यांची नावेही लिहिलेली नाहीत.