ज्या अधिक कोज्या बरोबर एक

साइन क्ष + कॉस क्ष = १.

वहीच्या पानावर हे समीकरण जेमतेम अर्धी ओळ व्यापतं. प्रवेश परीक्षेच्या सरावसंचात ते सुरुवातीलाच, सोप्या गटात असतं. फोंड्याला वरच्या बाजारात माझ्या भावाचं घर आहे. गेल्या पावसाळ्यात तिथे मुक्कामाला असताना भाचीने हे समीकरण सोडवलं आणि चार उत्तरं काढली: ०, ९०, १८० आणि २७० अंश. पुस्तकाच्या मागे उत्तरं दोनच होती.

"आत्ये, माझी दोन जास्त कशी आली?"

मी वही हातात घेतली. एकही पायरी चुकलेली नव्हती. गणित शिकवण्यात माझी सव्वीस वर्षं गेली, हे समीकरण फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल त्याची गणती नाही. पण त्या संध्याकाळी पागोळ्यांच्या आवाजात मी ते पुन्हा वाचलं, एखादी छोटी कविता वाचावी तसं, एकेका अक्षरावर थांबत.

पहिली गोष्ट लक्षात येते ती या ओळीत काय नाही ही. दहावीत मुलं एक नित्य समानता पाठ करतात: साइनचा वर्ग अधिक कॉसचा वर्ग बरोबर एक. कुठलाही कोन घाला, ती खरीच असते. तिच्या डोक्यावरचे दोन वर्ग तेवढे पुसा, की आपलं समीकरण उरतं. जे सगळीकडे खरं होतं ते आता मोजक्या जागी खरं होतं, आणि त्या जागा शोधत हिंडावं लागतं. 'नित्य' हा शब्द किती नेमका आहे ते अशा वेळी कळतं. समीकरण नित्य नसतं, म्हणूनच त्याला उकल असते.

आता भाचीची चार उत्तरं. तिने दोन्ही बाजूंचा वर्ग केला. डावीकडे साइनचा वर्ग, कॉसचा वर्ग आणि दोघांच्या गुणाकाराची दुप्पट. पहिल्या दोघांची बेरीज एक, ती उजवीकडच्या एकाबरोबर गेली. राहिलं ते साइन २क्ष = ०. सुबक पायरी आहे, हात आपोआप तिकडे वळतो. पण वर्ग करताना चिन्ह पुसलं जातं. 'बेरीज एक आहे' आणि 'बेरीज उणे एक आहे' या दोन वेगळ्या वाक्यांचा वर्ग एकच. १८० अंशाला साइन शून्य आणि कॉस उणे एक, २७० ला साइन उणे एक आणि कॉस शून्य. दोन्हीकडे बेरीज उणे एक. म्हणजे तिची जादा उत्तरं शेजारच्या समीकरणाची होती, वर्ग करताना मधली भिंत पडली आणि ती आत आली. वर्ग करायला हरकत कधीच नसते, मात्र नंतर प्रत्येक उत्तराचा ताळा मूळ ओळीत पाहायचा. परीक्षेत मुलं वेळ नाही म्हणून नेमकं तेच सोडतात.

याच्या उलटी चूकही याच समीकरणात दडलेली आहे, म्हणून मला ते इतकं आवडतं. कॉस उजवीकडे नेला की साइन क्ष = १ − कॉस क्ष. अर्ध्या कोनाची सूत्रं लावली की दोन्ही बाजूंना साइन क्ष/२ अवयव म्हणून येतो. पुष्कळ मुलं तो खोडून टाकतात आणि टॅन क्ष/२ = १, म्हणजे ९० अंश एवढं एकच उत्तर लिहितात. शून्य अंश गेला. खोडलेला अवयव स्वतःच शून्य असू शकतो, हे विचारायचं राहून गेलं. वर्ग केला तर उत्तरं वाढतात आणि भागलं तर घटतात, अशा दोन्ही बाजूंनी सांभाळायला लावणारी इतकी लहान ओळ मला दुसरी ठाऊक नाही.

तिसरी रीत म्हणजे दोन्ही बाजूंना √२ ने भागून कॉस(क्ष − ४५°) = कॉस ४५° असं करणं. परीक्षेसाठी हीच निर्धोक. ती मी भाचीला दाखवली आणि लगेच बाजूला ठेवली, कारण मला तिला पेन न लावता ही ओळ वाचायला शिकवायची होती.

प्रतलाच्या चार भागांना मराठीत 'चरण' म्हणतात, कवितेच्या ओळीलाही चरणच म्हणतात. तेव्हा चरण घेऊन वाचू या. तिसऱ्या चरणात साइन आणि कॉस दोघेही ऋण; बेरीज एक व्हायचा प्रश्नच नाही. दुसऱ्या आणि चौथ्या चरणात एक धन, तोही एकाहून लहान, आणि दुसरा ऋण. बेरीज एकापर्यंत पोचत नाही. राहिला पहिला चरण. तिथे दोघेही धन. इथे दहावीतला काटकोन त्रिकोण आठवायचा: कर्ण १, एक बाजू साइन, दुसरी कॉस. बांदोड्याला लहानपणी आम्ही रस्त्याच्या वळणाने न जाता शेताच्या मेरेवरून तिरके जात असू. पाय वाचतात हे कुणी शिकवावं लागलं नाही. त्रिकोणाच्या दोन बाजू मिळून तिसरीपेक्षा मोठ्याच. म्हणून पहिल्या चरणाच्या आत बेरीज नेहमी एकाहून जास्त. ४५ अंशाला ती सर्वांत मोठी, १.४१४ च्या आसपास.

म्हणजे चारही चरणांच्या आत कुठेच उत्तर नाही. ते सापडलं तर उंबरठ्यावरच, एक चरण संपून दुसरा सुरू होतो तिथे. चार उंबरठ्यांपैकी ० आणि ९० अंश या दोन जागी ओळ खरी ठरते. तिथे त्रिकोण आडवा किंवा उभा पडून नुसती रेघ होतो. दोन बाजूंची बेरीज कर्णाएवढी हवी, ही मागणी पुरी करताना त्रिकोण उरतच नाही. एवढं उमगल्यावर मला पुढे कितीतरी वेळ काही सोडवावंसं वाटलं नाही.

भाची मात्र शब्दांपाशी अडली होती. गोव्यातल्या पुष्कळ मुलांसारखी तीही चौथीपर्यंत मराठीतून शिकली आणि पाचवीपासून इंग्रजीतून. चरण, पद, अवयव, उकल हे गणितातले शब्द तिच्या कानावर कधी आलेच नाहीत. साइनला आपण ज्या म्हणतो, असं मी सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "ज्या म्हणजे?"

ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा एक तुकडा घेतला तर ते धनुष्य, चाप. त्याची दोन टोकं जोडणारी रेघ ही दोरी. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये अर्ध्या दोरीचं कोष्टक दिलं, ३ अंश ४५ कलांच्या अंतराने चोवीस फरकांचं. ज्येला जीवा असंही म्हणत. हा शब्द अरबीत 'जीबा' होऊन गेला. अरबी लिहिताना ऱ्हस्व स्वर गाळतात, त्यामुळे पुढे तो 'जैब' असा वाचला गेला, म्हणजे वस्त्राची छातीवरची घडी. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये त्याच अर्थाचा 'सायनस' आला आणि त्याचा साइन झाला. धनुष्याच्या टोकाला कोटि म्हणतात; कोटिज्येची कोज्या झाली. आणि त्रिज्या? तीन राशींची ज्या. एक राशी तीस अंशांची, तीन राशी म्हणजे ९० अंश. ९० अंशाची ज्या वर्तुळाच्या केंद्रापासून परिघापर्यंतच्या रेघेएवढी भरते, म्हणून त्या रेघेचं नाव त्रिज्या.

आता समीकरण जुन्या भाषेत लिहिलं तर ते असं होतं: ज्या अधिक कोज्या बरोबर त्रिज्या. आपण ज्याला एक म्हणतो ती त्रिज्याच. आणि ९० अंश हे उत्तर त्या शब्दाच्या पोटातच आहे.

एवढ्यावर थांबायचं कारण नव्हतं. दोरीच्या मध्यापासून धनुष्याच्या पाठीपर्यंत जी रेघ जाते तिला जुन्या गणितात शर म्हणतात, म्हणजे बाण. शराची लांबी त्रिज्या वजा कोज्या. मग आपल्या समीकरणातली कोज्या उजवीकडे नेली की काय उरतं? ज्या बरोबर शर. अर्धी दोरी बाणाएवढी. साइन-कॉसच्या जंजाळात जो प्रश्न नुसता चिन्हांचा वाटत होता तो हा आहे: धनुष्य किती वाकवलं म्हणजे अर्धी दोरी आणि बाण सारखे होतील?

भाचीने वहीत धनुष्य काढलं. उथळ काढलं तेव्हा बाण आखूड पडला. जास्त वाकवलं, बाण वाढला. धनुष्य बरोबर अर्धवर्तुळ झालं तेव्हा अर्धी दोरीही त्रिज्या आणि बाणही त्रिज्या. अर्धवर्तुळाचा निम्मा भाग म्हणजे ९० अंश. ती हसली नाही, काही बोललीही नाही. तिने फक्त दोन्ही रेघांवर पट्टी ठेवून पाहिली.

मग मी तिला आर्यभटाचा नियम सांगितला, जो पुढे ११५० मध्ये भास्कराचार्यांच्या लीलावतीतही ज्या आणि शर काढण्यासाठी येतो. दोरी व्यासाला काटकोनात छेदते तेव्हा व्यासाचे दोन तुकडे होतात, एक बाणाचा आणि एक उरलेला. दोघांचा गुणाकार अर्ध्या दोरीच्या वर्गाएवढा. व्यास २, बाण श. अर्धी दोरीही श. तेव्हा श × (२ − श) = श × श. इथे पुन्हा तोच मोह: दोन्हीकडचा श खोडा. खोडला की श = १, अर्धवर्तुळ. आणि श = ०? जिथे दोरीही नाही आणि बाणही नाही, ते न वाकलेलं, अजून झालेलंच नसलेलं धनुष्य? भाचीने या वेळी श खोडला नाही. अवयव पाडून दोन्ही उत्तरं ओळीने लिहिली.

व्यापक उकल, म्हणजे कितीही फेऱ्यांनंतरची सगळी उत्तरं, लिहिताना ती 'न हा पूर्णांक' हे शब्द विसरते. बहुतेक सगळेच विसरतात, आणि गुण जातात. कवळ्याला शांतादुर्गेच्या देवळात प्रदक्षिणा घालताना कितव्यांदा दारासमोर आलो हे आपण मोजतो, दार मात्र तेच असतं. न × ३६० अंश म्हणजे त्याच दारात न वेळा येणं, आणि न × ३६० + ९० म्हणजे दरवेळी त्या दारापासून पाव फेरी पुढे उभं राहणं. गणितात धन कोन घड्याळाच्या उलट जातो, आपण देवीला उजव्या हाताला ठेवून घड्याळाच्या दिशेने जातो. तेव्हा आपल्या साऱ्या प्रदक्षिणा पुस्तकाच्या हिशेबात ऋण न. भाचीला हे फार आवडलं. ऋण न कशासाठी लागतो, हे तिने पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत असताना तिने उजवीकडचा एक आपणच उणे केला. साइन क्ष + कॉस क्ष = −१. सोडवायला तिने अर्ध्या कोनाच्या टॅनची रीत घेतली, टॅनला ट म्हटलं. छेद काढल्यावर दोन्हीकडचे ट-वर्ग एकमेकांत गेले, ट = −१ राहिला, आणि उत्तर एकच आलं: २७०.

तिने पुस्तक मागून उघडलं नाही. वर्तुळ काढलं, तिसऱ्या चरणाच्या दोन्ही उंबरठ्यांवर बोट ठेवलं.

"१८० कुठे गेला?"

मी गप्प राहिले. तिने १८० चं निम्मं केलं, ९० लिहिलं, त्यापुढे टॅन लिहायला गेली आणि थांबली. ९० अंशाला टॅन नसतो. ट ही किंमत तिथे पोचूच शकत नाही. मग तिने समासात १८० लिहिलं आणि त्याखाली मूळ ओळीत ताळा पाहायला घेतला: ज्या शून्य, कोज्या उणे एक.