'दिसत नाही' म्हणजे 'नव्हतं' असं नाही: वनहक्काचे दावे आणि उपग्रह चित्रं

उपग्रह चित्रांवरून पीक, पाणी, जंगल कसं मोजतात हे आपण आधी बघितलं आहे. आज जरा वेगळा प्रश्न घेऊ. एखाद्या चित्रावरून माणसाचा जमिनीवरचा हक्क ठरवता येईल का? वनहक्क कायद्याच्या अंमलबजावणीत हा प्रश्न खरोखर उभा राहिला आहे. माझं मत आधीच सांगून टाकते: चित्र जेवढं सांगू शकतं, त्यापेक्षा जास्त त्याच्या तोंडी घातलं जातं. आणि हे दूरसंवेदन शिकणाऱ्यांनीच बोलायला हवं, कारण चुकीचा वापर आमच्या शास्त्राच्या नावावर होतो.

आधी कायदा थोडक्यात. २००६ चा वनहक्क कायदा आपल्या प्रस्तावनेतच मान्य करतो की वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला कमाल ४ हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. दावा ग्रामसभेत सुरू होतो, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. जव्हार-मोखाडा अनुसूचित क्षेत्रात येतात, त्यामुळे १९९६ चा पेसा कायदाही इथे लागू आहे. म्हणजे जामसर किंवा आसपासच्या पाड्यांतली ग्रामसभा ही नुसती सही-शिक्क्याची जागा नाही. पुरावा तपासायला कायद्याने सगळ्यात आधी बसवलेली संस्था तीच आहे.

पुरावा कोणता चालेल? नियम १३ मध्ये मोठी यादी आहे. सरकारी कागद आहेतच, पण घर, झोपडी, बांध, सपाट केलेली जमीन यांसारख्या जागेवरच्या खुणाही आहेत. आणि दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबसुद्धा आहे. यांतले एकापेक्षा जास्त पुरावे बघून निर्णय घ्यायचा. मला ही तरतूद फार महत्त्वाची वाटते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कागद दिलाच गेला नाही, त्यांच्याकडे कागद मागत बसायचं नाही, एवढा विचार कायद्याने केला आहे. वन खात्याने कधी काळी फाडलेली दंडाची पावतीही इथे उलटी कामाला येते. दंड झाला, म्हणजे माणूस त्या जमिनीवर होता! आणि पावती नाही, एवढ्याच कारणाने दावा फेटाळता येत नाही, हेही २०१२ च्या दुरुस्तीत लिहिलं आहे.

आता चित्राकडे येऊ. समजा एखाद्या दाव्यावर शेरा आला, 'उपग्रह चित्रात लागवड दिसत नाही'. या वाक्यात तीन अडचणी आहेत.

पहिली, पिक्सेलची. लँडसॅटचा एक पिक्सेल ३० मीटर बाय ३० मीटर, म्हणजे जवळपास ९ गुंठे. आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहाच्या लिस-३ कॅमेऱ्याचा पिक्सेल २३.५ मीटरचा, साधारण साडेपाच गुंठे. उतारावरचा वीस गुंठ्यांचा लांबट तुकडा लँडसॅटवर जेमतेम दोन-सव्वादोन पिक्सेल भरतो. तेही पूर्ण त्याचे नसतात. अर्धं शेत, अर्धी झाडी असा मिश्र पिक्सेल बनतो आणि संगणक त्याला बिनदिक्कत 'जंगल' म्हणून टाकतो.

दुसरी, हंगामाची. नागली-वरई पावसाळ्यात वाढते आणि पावसाळ्यात आकाश ढगांनी भरलेलं. ढग सरतात तेव्हा कापणी आलेली किंवा झालेली असते. डिसेंबरमध्ये वरकस उतारावर धसकटं आणि वाळलेलं गवत. ते पडीक माळासारखंच दिसतं. शिवाय अशा जमिनीवर नागली, मग वरई, मग खुरासणी किंवा उडीद आणि नंतर काही वर्षं जमीन पडीक ठेवायची, अशी फेरपालट चालते. विसाव्याच्या वर्षी काढलेल्या चित्रात शेत दिसणारच नाही. पण कायदा विचारतो तो ताबा. त्या दिवशी पीक उभं होतं का, हे तो विचारत नाही.

तिसरी अडचण ऐकून तर हसूच येईल. १३ डिसेंबर २००५ ही कायद्याची तारीख. लँडसॅट-५ नोव्हेंबर २००५ च्या शेवटी सौरपंख्याच्या बिघाडामुळे बंद पडला आणि जानेवारी २००६ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाला. लँडसॅट-७ मध्ये मे २००३ पासून बिघाड, त्यामुळे प्रत्येक चित्रात पट्ट्यापट्ट्यांनी सुमारे २२ टक्के माहिती गायब. अडीच मीटरपर्यंत स्पष्ट बघणारा आपला कार्टोसॅट-१ मे २००५ मध्ये वर गेला होता. पण तो काळं-पांढरं चित्र देतो. त्यात बांध दिसू शकेल, नागली आणि गवत यांतला फरक मात्र कळणं अवघड.

"पण तुमच्या नकाशाची अचूकता ९० टक्के असते ना?" असं कोणी विचारेल. तर हा हिशेब बघा. जमिनीवरचे १०० बिंदू तपासले, त्यांत ९० जंगलाचे, १० शेताचे. मी डोळे मिटून सगळ्यांना 'जंगल' म्हटलं, तरी माझी एकूण अचूकता ९० टक्के भरते. आणि दहाच्या दहा शेतकरी नकाशावरून पुसले जातात. एकूण अचूकतेचा आकडा शेतकऱ्याच्या कामाचा नाही. शेतांपैकी किती शेतं सापडली, हा आकडा मागायला हवा.

हे सगळं नियम करणाऱ्यांना माहीत नव्हतं असंही नाही. २०१२ च्या दुरुस्तीत स्पष्ट आहे की उपग्रह चित्र इतर पुराव्यांना जोड देऊ शकतं, त्यांची जागा घेऊ शकत नाही. शेजारच्या गुजरातमध्ये चित्रांच्या आधारे दावे फेटाळले गेले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि २०१३ मध्ये न्यायालयाने फेटाळलेले दावे पुन्हा तपासायला लावले.

माझा खरा आक्षेप इथे आहे. वडीलधाऱ्याचा जबाब ग्रामसभेत सगळ्यांसमोर होतो, त्याला उलट प्रश्न विचारता येतात. चित्र कुठल्या तारखेचं घेतलं, वर्गीकरण कसं केलं, हे मात्र कार्यालयात ठरतं आणि दावेदाराच्या हातात फक्त निकाल पडतो. नागरिकाची साक्ष तपासायची आणि शासनाची साक्ष गृहीत धरायची, हा पुराव्याचा न्याय होत नाही. फेटाळल्यावर कारणं लेखी मिळायला हवीत, ६० दिवसांत वर दाद मागता येते. पण ज्या पुराव्यावर नकार आला तोच बघायला मिळाला नाही, तर दाद मागायची कशावर?

आणि नकाराची किंमत लहान नसते. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला होता. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. मधले पंधरा दिवस 'दिसत नाही' या शेऱ्याचा अर्थ घर सोडणं असा होता. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २०१८ मध्ये, नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो शेतकरी चालत गेले, त्यांच्या मुख्य मागण्यांत वनहक्काचे दावे होते.

दुसरी बाजूही आहे. खोटे दावे होतात, २००५ नंतर नवी तोड झालेलीही असते, आणि ती ओळखायला चित्र उपयोगी पडतं. दावेदाराच्या बाजूनेही ते वापरता येतं: जुन्या चित्रात बांध दिसला तर त्याहून चांगला साक्षीदार कुठला? म्हणून चित्र बंद करा असं मी म्हणत नाही. एकाच तारखेऐवजी अनेक वर्षांची चित्रं घ्या, त्यांत ऑक्टोबरची असू द्या. तारीख, कॅमेरा, पिक्सेलचा आकार शेऱ्यात लिहा. मूळ चित्र ग्रामसभेत भिंतीवर लावा आणि जमीन कसणाऱ्यांना त्यावर बोलू द्या.

आणि शेरा लिहिताना शब्द नीट वापरा. 'या चित्रात ठरवता येत नाही' हे वाक्य शास्त्राला धरून आहे. 'लागवड नव्हती' म्हणायचं असेल, तर जागेवर जाऊन बघावं लागेल.