सुखाची पुस्तके आणि तुकोबारायांची गाथा

हरिनाम सप्ताहाच्या मंडपाबाहेर पूर्वी ज्ञानेश्वरी, गाथा, हरिपाठ, टाळ आणि तुळशीमाळा एवढेच मांडलेले असे. आता आपल्या शहापूर-मुरबाडकडे त्यांच्या शेजारी सुखी कसे व्हावे, नकारात्मक विचार कसे घालवावेत हे सांगणारी पुस्तकेही दिसतात. तरुण मुले ती आवडीने घेतात, काही कीर्तनकार त्यांतले दाखलेही देतात. वाचू नका असे कोणी म्हणू नये. पण जे पुस्तक गाथेच्या शेजारी येऊन बसले, त्याची पारख वारकऱ्याने केली पाहिजे.

यांतले फार खपलेले एक पुस्तक म्हणजे ऱ्होंडा बर्न यांचे २००६ सालचे 'द सीक्रेट'. त्याचे सांगणे थोडक्यात असे: मनात जसा विचार, तसेच आयुष्यात ओढले जाते. मागा, विश्वास ठेवा, मिळेल. अभावाचा विचार केलात तर अभावच वाट्याला येईल. वाचताना उभारी येते, हे नाकारता येत नाही. पण हाच सिद्धान्त उलट बाजूने लावून पाहा. ज्याच्या घरी दुःख आले, त्याने ते आपल्याच विचारांनी ओढून आणले, असा त्याचा अर्थ होतो.

तानसा आणि भातसा ही धरणे आपल्या शहापूर तालुक्यातली. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर वैशाखात बायाबापड्या हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. त्या माऊलीच्या मनात कोरड्या विहिरीचा विचार आला म्हणून विहीर कोरडी पडली काय? तिला 'विचार बदल' असे सांगणे हा उपदेश नव्हे, जखमेवर मीठ आहे.

मन प्रसन्न ठेवण्याविषयीचा तुकोबारायांचा अभंग अशा बोलण्यात हमखास येतो. तो म्हणणारा माणूस कोणत्या घरातला होता, हे मात्र राहून जाते. १६३०-३१ च्या दुष्काळात तुकोबारायांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली, व्यापार बुडाला, गावात मान राहिला नाही. हे त्यांनी स्वतः अभंगांत सांगून ठेवले आहे. गाथेत विलाप आहे, पांडुरंगाशी भांडण आहे, स्वतःचा वीट आहे, रात्रंदिवस मनाशी आणि जगाशी चाललेली झुंज आहे. आजच्या हिशेबाने हे सगळे 'नकारात्मक'! तुकोबारायांनी ते झाकले नाही, विठोबापुढे मांडले. जनाबाईही देवाला चार शब्द सुनवायला कचरल्या नाहीत.

आणि पुढे काय केले? परंपरा सांगते की घरातली कर्जखते काढून अर्धी धाकटे बंधू कान्होबांना दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. दुष्काळाने पिचलेल्या किती कुळांचा जीव त्या दिवशी हलका झाला असेल! त्या पुस्तकात मन प्रसन्न करायचे ते काही मिळवण्यासाठी. इथे मोकळ्या झालेल्या मनाने हातचे सोडले, आणि त्याने दुसऱ्याची चूल पेटली.

सगळीच पुस्तके एका मापाने मोजू नयेत. अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. त्यांच्या जीवनावर अंजली जोशी यांची 'मी अल्बर्ट एलिस' ही मराठी कादंबरी आहे, ती जरूर वाचावी. घटना आणि आपली तळमळ यांच्यामध्ये आपला हट्ट उभा असतो, असे एलिस सांगतात. 'हवे' म्हणणे ठीक, 'हवेच' म्हटले की जाच सुरू होतो. आपल्या भाषेत हा सगळा फरक एका 'च' मध्ये मावतो. कोरड्या विहिरीचे दुःख ते खोटे ठरवत नाहीत. त्या दुःखाने हातपाय गाळू नयेत, एवढेच म्हणतात. एलिस देव मानत नव्हते. नसोत! बंगला-मोटारीचे आमिष तरी त्यांनी दाखवले नाही.

सजगतेचेही तसेच. कसारा घाट चढला की इगतपुरीला सत्यनारायण गोयंकांचे विपश्यना केंद्र आहे. तिथले दहा दिवसांचे मौन ही कसोटीची साधना आहे. तिची 'रोज पाच मिनिटे श्वास पाहा' अशी चटणी करून विकणारी पुस्तके वेगळी. वारकऱ्याची सजगता तर पायांत असते. कार्तिकीला माळशेज चढून आळंदीला निघालेल्या दिंडीत खिन्न माणसाला कोणी त्याचे विचार विचारत नाही, हातात टाळ देतात. पाऊल आणि ठेका सांभाळताना मन आपोआप माणसांत येते. 'द सीक्रेट'चा वाचक मात्र आपल्या खोलीत, आपल्या इच्छेजवळ एकटाच राहतो.

तरीही कोणाची झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, कोणी जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलू लागला असेल, तर टाळही पुरत नाही आणि पुस्तकही. सरकारची 'टेलिमानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, सरकारी दवाखाना आहे. त्याला तिकडे एकट्याला धाडू नये, दिंडीतल्या एखाद्याने सोबत जावे.